प्राण्यांच्या मनावर उपचार करणारा पशुवैद्य: वाट कशी आणि काम कसं

प्रश्न: मी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यक पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपनंतर प्राण्यांचं वर्तन आणि मानसिक आरोग्य याच विषयात काम करायची इच्छा आहे. महाराष्ट्रात असं करिअर होऊ शकतं का? काय शिकावं लागतं आणि प्रत्यक्षात हे काम चालतं कसं?

उत्तर:

होऊ शकतं, पण तयार नोकरी म्हणून नाही. ‘वर्तनोपचार विभाग’ अशी पाटी लावलेली जागा तुमची वाट बघत बसलेली नाही. केसेस मात्र कुठल्याही ओपीडीत रोज येतात: चावतो, एकटा राहत नाही, फटाक्यांना थरथरतो, मांजर गादीवर लघवी करतं. सध्या हे लोक एक तर ट्रेनरकडे जातात किंवा नेटवर व्हिडिओ बघून स्वतःच काहीतरी करतात. ट्रेनर ‘बस’ आणि ‘थांब’ उत्तम शिकवेल, पण कुत्र्याचं दुखणं शोधणं, निदान करणं आणि औषध लिहिणं हे त्याचं काम नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. म्हणून या क्षेत्रात पशुवैद्याची जागा कुणी दुसरा भरू शकत नाही, आणि आज ती बहुतेक ठिकाणी रिकामी आहे.

शिक्षणाचं आधी सांगतो. साडेपाच वर्षांच्या पदवीत वर्तनशास्त्र येतं ते मुख्यतः पशुधन उत्पादन व्यवस्थापनाच्या अंगाने, तेही थोडंसं. एम.व्ही.एस्सी.ला क्लिनिकल वर्तनशास्त्र ही स्वतंत्र शाखा आपल्याकडे मिळत नाही. माझा सल्ला असा, की पदव्युत्तर घ्यायचंच असेल तर पशुवैद्यकीय चिकित्साशास्त्र म्हणजे मेडिसिन घ्या. प्रबंधाचा विषय वर्तनाशी जोडून मिळतो का, हे मार्गदर्शकांशी बोलून बघा. औषधांच्या आंतरक्रियांची गोडी असेल तर फार्माकॉलॉजीही चालेल. या दोन्हींतलं ज्ञान पुढे रोज वापरलं जातं.

परदेशात रस्ता आखलेला आहे. अमेरिकेत पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या ‘कॉलेज’ला, म्हणजे व्यावसायिक संस्थेला, १९९३ मध्ये विशेषज्ञ शाखा म्हणून मान्यता मिळाली. तिथे इंटर्नशिपनंतर सुमारे तीन वर्षांची रेसिडेन्सी म्हणजे विशेषज्ञाच्या हाताखालचं प्रशिक्षण, एक प्रकाशित शोधनिबंध, केस रिपोर्ट आणि मग परीक्षा असा क्रम असतो. तिथे प्रॅक्टिस करायची असेल तर भारतीय पदवीधराला समकक्षतेची परीक्षा आणि नॅव्हली ही परवाना परीक्षा हे वेगळे टप्पे पार करावे लागतात. युरोपात प्राणिकल्याण आणि वर्तनवैद्यक यांचं एकत्र कॉलेज आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कॉलेजची वर्तन विषयातली मेंबरशिप परीक्षा काही वर्षांच्या अनुभवानंतर देता येते. ब्रिटनमध्ये एडिंबरा विद्यापीठात उपयोजित वर्तन आणि प्राणिकल्याण यांची, तर लिंकनला क्लिनिकल वर्तनाची मास्टर्स पदवी मिळते. पण पास झाल्या झाल्या यापैकी कशामागेही धावू नका. आधी दोन-तीन वर्षं जनरल प्रॅक्टिस करा. रक्त तपासणं, सांधे चाचपणं, कानात बघणं, फिट ओळखणं हे हातात पक्कं बसलेलं नसेल तर वर्तनाची केस तुम्हाला कळणारच नाही.

याचं कारण साधं आहे. वागणूक बदलली म्हणजे मन बिघडलं, असं गृहीत धरणं ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक. २०२० मध्ये लिंकनच्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की वर्तनासाठी पाठवलेल्या केसेसपैकी किमान एक तृतीयांश केसेसमध्ये, आणि काही संचांत ८० टक्क्यांपर्यंत, कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. सात वर्षांचा लॅब्रॅडॉर उचलताना गुरगुरायला लागला तर आधी कंबर आणि खुबा बघा. मांजर हात लावू देत नसेल तर दात बघा. मोठ्या वयात अचानक आवाजाची भीती सुरू झाली तर सांधेदुखीचा संशय घ्या. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखतं, आणि आवाज व दुखणं यांची गाठ पडते. याशिवाय थायरॉईड, मोतीबिंदू, कानाचा संसर्ग, फोकल म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून उठणाऱ्या फिट्स, आणि आठ-नऊ वर्षांपुढे स्मृतिभ्रंश. शंका असेल तर किडनी-लिव्हरचे रिपोर्ट बघून दोन ते चार आठवडे वेदनाशामकाची चाचणी द्या. तेवढ्यानेच चावणं निम्म्यावर आलं तर निदान झालंच.

आणि आपल्या देशात सगळ्याच्या आधी रेबीज. अचानक आक्रमक झालेला, गिळता न येणारा, आवाज बदललेला किंवा उलट एकदम कोपऱ्यात जाऊन बसलेला कुत्रा हा वर्तनाची केस नव्हे. लसीकरणाचा कागद मागा, तोंडी माहितीवर विसंबू नका. घरात कुणाला चावा किंवा ओरखडा असेल तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवून लगेच दवाखान्यात पाठवा आणि कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवा. तुमची स्वतःची प्रतिबंधक लस पूर्ण नसेल तर आजच सुरू करा. पहिल्या केसनंतर बघू, असं करू नका.

आता कन्सल्टेशन. ते पंधरा मिनिटांत होत नाही, दीड ते दोन तास धरा. प्रश्नावली आधीच पाठवा: पिल्लू किती दिवसांचं असताना आणलं, कुठून आणलं, घरात कोण कोण आहे, दिवस कसा जातो, कुठे झोपतो, खायला काय आणि कोण देतं, आजवर कुठली शिक्षा केली. प्रत्येक घटनेबद्दल तीन गोष्टी लिहून घ्या: लगेच आधी काय झालं, प्राण्याने नेमकं काय केलं, त्यानंतर माणसांनी काय केलं. ‘तो रागीट आहे’ हे उत्तर चालत नाही. ‘सोफ्यावर झोपलेला असताना मुलगा शेजारी बसला, कुत्र्याने ओठ चाटले, मान वळवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, मुलाने हात पुढे केला, मग तो झटकन चावला’ हे उत्तर. प्राण्याचे पालक म्हणतात, ‘डॉक्टर, काही न सांगता चावला.’ व्हिडिओ हळू करून दाखवला की त्यांनाच सूचना दिसायला लागतात. व्हिडिओ मागताना मात्र स्पष्ट सांगा, की चावा मुद्दाम घडवून शूट करायचा नाही. रोजचं साधं दृश्य पुरतं.

एकटेपणाच्या भीतीची केस जरा जवळून बघू, कारण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ही फार येते. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि खालच्या मजल्यावरून तक्रार. पहिलं काम, घरात जुना मोबाइल लावून बाहेर पडल्यानंतरच्या तीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. खरी भीती असेल तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते: दाराजवळ येरझाऱ्या, धापा, लाळ, विव्हळणं, चौकट कुरतडणं, शी-शू. तासभर शांत झोपून मग उशी फाडली तर तो बहुधा कंटाळा, आणि त्याचा इलाज वेगळा. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकतो आणि पुन्हा झोपतो, तोही वेगळा.

भीतीच असेल तर उपचाराचा गाभा हा, की कुत्रा घाबरण्याच्या आत परत यायचं. सुरुवात कडी वाजवण्यापासून. मग दार उघडून बंद, मग पाच सेकंद बाहेर. वेळ सरळ चढवत नेऊ नका. ५, १०, ३, १५, ८ असा वर-खाली ठेवा, नाहीतर प्रत्येक खेप आधीपेक्षा अवघडच असते हे कुत्रा ओळखतो. दिवसाला एकच सत्र, दहा-पंधरा मिनिटांचं. कॅमेऱ्यात कान मागे गेले, जांभया सुरू झाल्या, की पुढच्या वेळी निम्म्यावर या. पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायलाच सर्वांत जास्त आठवडे लागतात, त्यापुढची वाढ मोठ्या टप्प्यांनी होते. किल्ली उचलणं, बूट घालणं, पर्स घेणं या खुणा दिवसातून अनेकदा बाहेर न जाताच करायच्या, म्हणजे त्यांचा अर्थ पुसला जातो.

योजना मोडते ती एकाच ठिकाणी. सकाळी सराव पाच सेकंदांचा आणि नंतर ऑफिससाठी आठ तास गायब. सराव चालू असताना कुत्र्याला खरोखर एकटं ठेवायचं नाही. आजी, शेजारी, डे-केअर, आलटून-पालटून घरून काम, काय जमेल ते. हे जमवून देणं हाही तुमच्या कन्सल्टेशनचाच भाग आहे. कागद-पेन घेऊन त्यांच्याबरोबर आठवड्याचं वेळापत्रक मांडा. आणि अशा कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडू नका. दात आणि नखं तुटेपर्यंत ते झुंजतात.

औषधांबद्दल. पुढचे आकडे पशुवैद्यांसाठी आहेत, घरी कुणी वापरू नयेत. यांतली बहुतेक औषधं आपण माणसांच्या मेडिकलमधून, लेबलबाह्य वापर म्हणून, म्हणजे लेबलवर नसलेल्या उपयोगासाठी लिहितो, तेव्हा लेखी संमती घ्या. कुत्र्यांत फ्लुऑक्सेटीन हे भीती-चिंता कमी करणारं औषध १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून एकदा; मांजरांत ०.५ ते १. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत भूक कमी होते आणि काही जण जास्त अस्वस्थ होतात. हे आधी सांगितलं नाही तर पालक पाचव्या दिवशी गोळी बंद करून मोकळे होतात. त्याच कामाचं क्लोमिप्रामिन कुत्र्यांत १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून दोनदा. हृदयाचा त्रास किंवा फिट्स असतील तर जपून. ही औषधं शिकण्याची दारं उघडतात, शिकवत नाहीत. सोबत सराव नसेल तर फायदा अर्धवटच राहतो. थांबवतानाही एकदम नाही, आठवड्यांच्या हिशोबाने उतरवत न्या.

आपल्याकडचा एक धोका पाठ्यपुस्तकांत पटकन सापडत नाही. गोचिडांसाठी अमिट्राझची अंघोळ अजूनही सर्रास चालते, आणि अमिट्राझ मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे सेरोटोनिनसारखी मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम, रोखतं. फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामिनवर असलेल्या कुत्र्याला ते घातलं तर सेरोटोनिन अति वाढू शकतं: थरथर, ताप, बाहुल्या मोठ्या, धडधड, फिट. ट्रामाडॉल या वेदनाशामकासोबतही हीच भीती. म्हणून प्रिस्क्रिप्शनवर ठळक लिहा: ‘अमिट्राझ नको, कुणीही सांगितलं तरी.’ फ्लुऑक्सेटीन बंद केल्यावरही काही आठवडे हे पाळा. गोचिडांसाठी आयसोक्झाझोलिन गटातली गोळी द्या, फिट्सचा इतिहास असेल तर तीही विचार करून. वेदनाशामक आणि फ्लुऑक्सेटीन एकत्र चालू असतील तर शी काळी होते का (ती पोटातल्या रक्तस्रावाची खूण), हे विचारत राहा.

भीती झटकन कमी करणारी अल्प्राझोलामसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. प्रिस्क्रिप्शन नीट, तारीख-नोंदणीक्रमांकासह हवं, आणि घरात माणसांकडून गैरवापर होण्याची शक्यता आहे का, हेही बघायला हवं. चावणाऱ्या कुत्र्याला ते देताना दहादा विचार करा: भीती कमी होते तसा संयमही सुटू शकतो.

दिवाळीचं काम दिवाळीत होत नाही. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन जवळपास आठ आठवड्यांचं अंतर असतं. म्हणजे गणपती बसले की फ्लुऑक्सेटीन सुरू करायचं की नाही, हा निर्णय त्याच आठवड्यात. तेव्हा सुरू केलं तरच दिवाळीला ते कामाला येतं, आणि ढोल-ताशांत कुत्रा कसा वागला हेही ताजं असतं. आवाजाची सवय लावण्याचा सराव त्याहून आधी, फटाके नसलेल्या महिन्यांत. रेकॉर्डिंग इतकं हळू, की कान जरा हलतील पण खाणं थांबणार नाही; पाच-दहा मिनिटं, सोबत चिकनचे बारीक तुकडे. मोबाइलच्या स्पीकरमधून जमिनीची कंपनं येत नाहीत, त्यामुळे या सरावाला मर्यादा आहेत हे पालकांना सांगा. ऐन दिवसांसाठी ट्राझोडोन हे शांत करणारं औषध ३ ते ७ मिलिग्रॅम प्रतिकिलो, आवाज सुरू होण्याच्या तासभर आधी. त्याचा पहिला डोस कधीही दिवाळीत नको, आधीच्या एखाद्या शांत दिवशी चाचणी घ्या. फक्त एसप्रोमाझिन हे गुंगीचं औषध देण्याची जुनी सवय सोडा. त्याने अंग ढिलं पडतं, भीती जात नाही. फेरी उजेडात आटपायची, गळ्यात फोननंबरचा बिल्ला, आतली खोली, खिडक्या बंद, पंखा पूर्ण. आणि घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती ‘लाडावते’ हा समज काढून टाका. जवळ आला तर घ्या, पलंगाखाली गेला तर तिथेच राहू द्या.

मांजरांत लघवीची तक्रार आली की आधी लघवीची तपासणी. बोका वारंवार बसतो आणि थेंबही येत नाही, तर तो वर्तनाचा प्रश्न नाही, मूत्रमार्ग अडलाय, त्याच तासाला दवाखाना. बाकी निम्मं काम लिटर ट्रे बघून होतं: मांजरं जितकी त्याहून एक जास्त ट्रे, लांबी मांजराच्या दीडपट, वास नसलेली बारीक वाळू, दिवसातून दोनदा साफ. शिंपडलेल्या जागा एन्झाइमच्या क्लीनरने धुवायच्या. आपल्या घरांतलं फिनेल मात्र बंद: मांजराला ते विषारी आहे. दवाखान्यात येतानाच घाबरून बिथरणाऱ्या मांजराला निघण्याच्या दोन तास आधी शांत करायला गाबापेंटिन, एका मांजराला एकूण ५० ते १०० मिलिग्रॅम. किडनी कमजोर असेल तर कमी. जरा तोल जाईल, सोफ्यावरून उडी मारू देऊ नका. तपासताना पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून खालच्या भागातच तपासा.

प्रतिबंधाचं काम मला उपचारापेक्षा मोलाचं वाटतं. पिल्लांचा समाजीकरणाचा काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा. आपल्याकडे चाळीस दिवसांचं, कधी त्याहून लहान पिल्लू आईपासून तोडून विकतात, आणि मग ‘सगळी लस होईपर्यंत घराबाहेर नको’ म्हणून चार महिने कोंडतात. म्हणजे आई-भावंडांकडून चावा आवरायचं शिकणं गेलं आणि जग बघायचे आठवडेही गेले. पिल्लू आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहू द्या. पहिल्या लशीनंतर कडेवर घेऊन फिरवा: रिक्षा, काठीवाले आजोबा, छत्री, हेल्मेट, शाळा सुटलेली मुलं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूसाठी जपायचं ते अनोळखी कुत्रे वावरतात त्या जमिनीवर. ब्रीडर आणि पालक या दोघांनाही हे पहिल्या लशीच्या दिवशी सांगायला पाच मिनिटं पुरतात.

कुणी ‘तो तुमच्यावर हुकूम गाजवतोय, पाठीवर पाडा’ असं सांगत असेल तर स्पष्ट विरोध करा. ही कल्पना १९४७ च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या निरीक्षणांतून पसरली. जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. काटेरी पट्टा आणि शॉक कॉलर यांनी गुरगुरणं दबतं, भीती तशीच राहते, आणि पुढचा चावा सूचनेशिवाय येतो. ट्रेनरशी जोडी जमवा, पण आधी त्यांचं सत्र प्रत्यक्ष बघा. चावणाऱ्या कुत्र्याला जाळीचं मझल म्हणजे मुसकं घालायला शिकवा. कापडी बांधलं तर धापा टाकता येत नाहीत आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेततं. मझलच्या आत दही लावून, कुत्रा स्वतः तोंड घालेपर्यंत थांबायचं. आठ-दहा दिवस लागतात.

हे क्षेत्र शहरी कुत्र्या-मांजरांपुरतंच समजू नका. म्हैस पान्हा चोरते ही तक्रार वर्तनाचीच आहे. घाबरली की ॲड्रेनलिन वाढतं, ऑक्सिटोसिन काम करत नाही, आणि दूध सडात उतरत नाही. अनोळखी माणूस, काठी, घसरडी फरशी, रेडकू मेलेलं, यांतलं कारण शोधा. दूध काढणारा हात आणि वेळ एकच ठेवा, आंबोण आधी, मग कास धुवून मिनिट-दीड मिनिटात धारा काढायला बसा. ऑक्सिटोसिनच्या सुईची सवय लावणं हा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ चाही विषय आहे. याशिवाय निवारा केंद्रं, प्राणिसंग्रहालयं, जुन्नरजवळच्या माणिकडोहसारखी बिबट्या केंद्रं इथे बंदिस्त प्राण्याच्या दिवसात करण्यासारखं काय आहे, हा रोजचा प्रश्न असतो.

पैशाचं. फी वेळेच्या हिशोबाने लावा, तपासणीच्या नाही. नेहमीच्या फीच्या चार-पाच पट घ्यायला संकोच करू नका, पण त्यात एक, चार आणि आठ आठवड्यांचे फॉलोअप धरा. सुरुवातीला ज्या दवाखान्यात काम कराल तिथे आठवड्यातल्या दोन दुपारी यासाठी मागून घ्या आणि आसपासच्या डॉक्टरांना एक पानाचं पत्र पाठवा: कुठल्या केसेस घेता, पेशंट परत त्यांच्याकडेच पाठवता. दुसरं वाक्य लिहिल्याशिवाय रेफरल येत नाहीत.

या कामाचा भार वेगळा असतो. समोर रडणारी आई, चावा बसलेलं लेकरू, आणि कुत्रा ठेवायचा की नाही हा निर्णय. तो निर्णय त्यांचा; तुम्ही धोका मोजून सांगायचा. चावा किती खोल, सूचना देतो का, घरात लहान मूल किंवा वृद्ध आहे का, प्रसंग टाळता येतो का, घरच्यांना किती पाळणं जमेल. दुसरं घर शोधताना चाव्याचा इतिहास लपवू देऊ नका. दयामरणापर्यंत गोष्ट गेली तर ते दिवसाच्या शेवटच्या वेळेत ठेवा, आधी घरीच गुंगीची गोळी द्या, आणि त्यानंतर लगेच दुसरी केस लावू नका. अशा केसेसवर बोलायला एक समव्यावसायिक ठरवून ठेवा, आणि प्रत्येक केसची नोंद तारीखवार, त्याच दिवशी लिहा. पुढे मेंबरशिपला किंवा रेसिडेन्सीला अर्ज कराल तेव्हा केस रिपोर्ट याच वहीतून निघतील.